पानी उनं
ओल्या गोधडीचा वास आला की मला वीजघराचा नाला आठवतो. यंत्रं थंड करून निघालेलं गरम पाणी त्यात सोडायचे. हिवाळ्यात नदीतले मासे उबेला तिथे गोळा व्हायचे आणि आम्ही बाया धुणं घेऊन जायचो. मी साक्रीकडची नवी सून. माझ्या बोलीला लोक हसतात म्हणून सासू मला चारचौघींत बोलू देत नसे. त्या दिवशी ती घरातली मोठी गोधडी धूत होती. वरून, वीजघराने एकदम सोडलेल्या पाण्याचा लोंढा येताना दिसला आणि मी ओरडले, "पानी उनं! पानी उनं!" आमच्यात उनं म्हणजे आलं, इकडे ऊन म्हणजे गरम. सासू म्हणाली, "ऊन हाये म्हनूनच त इथी बसलो, येडे!" सगळ्या हसल्या, तोवर लोंढ्याने गोधडी ओढून नेली. मी लुगड्यासकट उडी मारून ती बाहेर काढली, तर आत मासे फडफडत होते. "माय वं, सुनेनं त जाळंच टाकलं!" म्हणत सासू हसता हसता मटकन खाली बसली. उन्हाळ्यात तेच गरम पाणी माशांना मारायचं, ते पोटं वर करून तरंगायचे, तेही मी पाहिलंय. पण त्या संध्याकाळी कालवण झालं, शेजारणी आल्या आणि सासूने मलाच सगळं सांगायला लावलं, माझ्याच बोलीत. तेव्हापासून मी गप्प बसलेली नाही. आता माझ्या सुना कंटाळतात, पण ऐकतात.