कापलेला कोपरा

कावळ्यावरचं माझं पत्रक पुन्हा छापावं, असं बुलढाण्यातले दोघे-तिघे मित्र वर्षभर म्हणत आहेत. पत्रक चार पानांचं आहे. डोक्याला कावळा शिवला की नातेवाइकांना त्या माणसाच्या मरणाची खोटी खबर धाडायची, ते रडले की अरिष्ट टळतं आणि माणसाचं आयुष्य वाढतं, या समजुतीची मी त्यात मनसोक्त टर उडवली आहे. मी तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो. आता मी ते छापू देत नाही, आणि कारण विचारलं की विषय बदलतो. कारण हे आहे.

मी पत्रकांवर वाढलो. वडिलांचा छापखाना एका खोलीचा. सभेची, संपाची, सुधारणेची पत्रकं तिथे निघत आणि डागाळलेल्या रद्द प्रतींवर मी अक्षरं गिरवत असे. शब्द खरा असला की तो पोचतोच, अशी माझी खात्री होती.

उत्तर सीमेवर लढाई पेटली तेव्हा पलटणीतून परत आलेल्या, पण राखीव यादीत नाव असलेल्या माणसांना पुन्हा बोलावणी आली. हातातली तिफण सोडून माणसं गेली. त्यांच्या मागे राहिलेल्या घरांकडे बघायला आम्ही काही नागरिकांनी स्वयंसेवकांचं पथक उभं केलं. शाळेची एक खोली मिळाली. शिक्षिका लोकरीचे मोजे विणत, कोणी अडलेल्या घराला पेरणीसाठी बैलजोडी मिळवून देई, आणि पत्रव्यवहार माझ्याकडे होता. प्रत्येक घराच्या पत्त्याचं पोस्टकार्ड आम्ही आधीच लिहून ठेवलं होतं : ‘आपला माणूस खुशाल आहे. अडचण असल्यास कळवावे.’ पलटणीकडून खुशालीची यादी आली की त्या घरांची कार्डं टपालात टाकायची. गठ्ठ्यातून ती चटकन उचलता यावीत म्हणून मी एक युक्ती काढली. ज्याची खुशाली आली त्याच्या कार्डाचा वरचा कोपरा कात्रीने कापायचा.

पथकात एक निवृत्त पोस्टमन होते. सगळे त्यांना काका म्हणत. टेबलावर पडलेले त्रिकोणी तुकडे त्यांनी बोटाने गोळा केले आणि माझ्याकडे पाहिलं.

“कोपरा गेलेलं कार्ड मयताचं असते, बाबू. मी जिंदगीभर वाटले. लोक ते वाचत नाहीत. नुसतं पाह्यतात.”

हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. आमच्याही घरी अशी कार्डं येत, दाराबाहेरच वाचून फाडली जात. पण मी म्हणालो की वर ‘खुशाल’ असं ठसठशीत लिहिलं आहे. लोकांना अक्षर वाचायला शिकवायचं की कोपऱ्याला भ्यायला? मी बराच वेळ बोललो. चांगलं बोललो असणार, कारण एक शिक्षिका विणायची थांबून ऐकत होती. काकांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, तू बोलतो झकास. मग ते तुकडे त्यांनी खिडकीबाहेर टाकले.

अकरा कार्डं गेली. दहा घरी पोस्टमनने किंवा मास्तरांनी मजकूर वाचून दाखवला, लोक क्षणभर दचकले आणि मग हसले. अकरावं कार्ड जानेफळच्या पलीकडे दोन कोसांवरच्या एका वस्तीत गेलं. तिथे टपाल आठवड्यातून एकदा येई. घरात म्हातारा सासरा आणि त्याची सून; मुलगा सीमेवर. दोघं शेतात होती म्हणून पोस्टमनने कार्ड वाचून न दाखवताच शेजारणीकडे दिलं. शेजारणीने कोपरा पाहिला आणि ते त्यांच्या ओट्यावर दगडाखाली ठेवून ती रडत शेतात गेली.

वस्तीत वाचणारे एकटे मास्तर, आणि ते लग्नाला दुसरबीडला गेलेले. शाळेत जाणारी दोन पोरं होती, पण मयताच्या कागदाला त्यांना कोणी हात लावू दिला नाही. ‘खुशाल आहे’ असं माझ्या अक्षरात लिहिलेलं ते कार्ड चार दिवस दगडाखाली होतं. चार दिवस त्या ओट्यावर माणसं येऊन बसत होती.

मास्तर परतले, त्यांनी कार्ड वाचलं आणि खात्री करून घ्यायला तशीच एसटी धरून ते बुलढाण्याला आले. त्याच दिवशी काका आणि मी निघालो.

सून ओट्याच्या कडेला बसली होती. कपाळ कोरं. हातात एकही बांगडी नव्हती. दगडावर फोडताना मनगटावर ओरखडे उठले होते आणि त्यांवर खपली धरू लागली होती. मी वाटेत माफी जुळवून आणली होती, नीट, तीन-चार वाक्यांची. ती मला सुरू करता आली नाही. सासऱ्याने मला पायापासून वर पाहिलं आणि विचारलं, कोपरा कापला तो हाच काय. काका हो म्हणाले.

“शिकेल माणूस दिसते,” म्हातारा म्हणाला. “आमच्या इकडं अडाण्यालेबी समजते हे.”

काकांनी मग हळूच कावळ्याचं काढलं. आपण तर मुद्दाम खोटी खबर धाडतो, ही आपोआप गेली. पोराचं आयुष्य वाढलं म्हणा. म्हाताऱ्याने मान डोलावली. माझं पत्रक त्या वेळी माझ्या पिशवीत होतं, चार-पाच प्रती. मी पिशवीचं तोंड मुठीत धरून बसलो, आणि मनात एकच होतं : हे खरं असू दे.

तिने कुंकू लावलं, पण बांगड्या भरायला आलेल्या कासाराला परत पाठवलं. ते आले की भरीन, म्हणाली. आणि मला, खाली बघूनच : “पुढच्या टायमाले कागद धाडू नका. माणूस धाडा.”

तो आला. सहा महिन्यांनी रजा घेऊन आला आणि जाताना बुलढाण्याला आमच्या खोलीत डोकावला. दांडगा, हसरा गडी. मी चार दिवस मेलो होतो म्हणे, कसं वाटलं ते तरी विचारा, असं म्हणून तो स्वतःच हसला. मग आवाज उतरवून सांगितलं की दुपारी डोळा लागला तरी बायको नाकापुढे हात धरून बघते. बांगड्या भरल्यात, पण हात वाजू देत नाही.

आम्ही कार्डं बंद केली. त्या भागातल्या घरांना मी स्वतः जाऊ लागलो. पहिल्याच खेपेला कळलं की आता कार्डाच्या जागी मी आलो आहे. मी बोळात शिरलो की बाया दारात येऊन उभ्या राहत आणि त्यांचे हात आपोआप पदराखाली जात. म्हणून मी बोळाच्या तोंडाशीच ओरडायला लागलो, “खुशाल, खुशाल!” पोरांनी तेच माझं नाव पाडलं. खुशाल आला बे, असं ती पुढे पळत सांगत. तिचा नवरा रजेवर आलेला असला की तोही मला त्याच नावाने हाक मारी.

तीन वर्षांनी पश्चिमेकडे लढाई झाली. राखीव माणसं पुन्हा गेली, तोही गेला. पथक पुन्हा त्याच खोलीत बसू लागलं. तार पथकाच्या पत्त्यावर आली, कारण घरी कागद धाडू नये अशी नोंद आम्हीच करून ठेवली होती. काकांनी ती दोनदा वाचली, घडी केली, आणि मी चपला घालत असताना एवढंच म्हणाले की हाक मारू नको.

जानेफळला उतरलो. दोन कोस चाललो. सकाळची वेळ, ज्वारी कणसावर आली होती. बोळाच्या तोंडाशी सवयीने हाकेसाठी छातीत श्वास भरला आणि मी तोंड मिटलं. पोरं पळत आली, माझ्याकडे बघत राहिली, आणि कोणी पुढे पळालं नाही.

ती ओट्यावर डाळ पाखडत होती. मी हाक न मारता तिथवर आलो हे तिला सुपाच्या आवाजातही कळलं होतं. सूप थांबलं. सासरा आतून विचारत होता, कोण आलं, कोण आलं. तिने सूप बाजूला ठेवलं, त्यातला एक खडा निवडून अंगणात टाकला, आणि माझ्याकडे बघून बोलली.

“तुमच्या त्या कार्डानं तीन वर्सं देल्ली त्यायले. नाही का?”

“हाव,” मी म्हणालो.