पाठ केलेला तक्ता

डोळ्यांच्या दवाखान्यात माझी आठ वर्षांची भाची सई तक्त्याची शेवटची ओळसुद्धा धडाधड वाचत होती. तिची आई, माझी ताई, खूश झाली. मग डॉक्टरबाईंनी तक्ता बदलला आणि सई दुसऱ्याच ओळीवर अडली.

"पाठ केला होतास ना गं, लबाडे?" बाईंनी विचारलं.

"बाहेर बसले होते तेव्हा आतली मुलं मोठ्याने वाचत होती," सई पुटपुटली. "नंबर वाढला की आई रडते."

मला तिचा राग आला नाही. जे दिसत नाही, कळत नाही, ते पाठ करायचं, हे तिला आपणच शिकवलं. शाळा, क्लास, गृहपाठ. तिच्या दिवसातली सगळ्यात लांबची वस्तू म्हणजे फळा.

"डोळ्यांत घालायला थेंब देते," बाई म्हणाल्या. "पण रोज दोन तास उघड्यावर खेळू दे. आलेला नंबर जाणार नाही, वाढ मंदावेल."

"कुठे खेळू दे?" ताईने विचारलं.

सोसायटीच्या अंगणात गाड्या उभ्या असतात आणि शेजारच्या मैदानाला कुलूप आहे. त्या कुलपाविरुद्ध मी गेल्या वर्षी पत्रकं छापून घरोघर वाटली. उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर सईने वर्षभर गणितं सोडवली.

परतताना मैदानाचं फाटक रस्त्यापलीकडे दिसलं तशी ती थांबली.

"मामा, फाटकावरच्या पाटीवर काय लिहिलंय?"

"मुलांसाठी राखीव."

"परत सांग ना," डोळे बारीक करत ती म्हणाली. "पाठ करून ठेवते."