मास्तरांची दुसऱ्यांदा भरलेली रजई

पूल ओलांडला तेव्हा रजईचं गाठोडं माझ्या खांद्यावरून ताईंच्या खांद्यावर गेलं. अर्धी वाट अजून राहिली होती, तीही चढाची. ताई म्हणजे माझ्या थोरल्या नणंदबाई. साठी उलटली, पण चालायला लागल्या की मीच मागे पडते. समोरून ओळखीचा शिंपी येत होता. गाठोडं बघून म्हणाला, "काय ताई, घर सोडलंत?"

"हो, आणि वहिनीलाही पळवून नेतेय. माझ्या भावाला सांगू नका!"

एरवी मी हसले असते. पण निघतानाच ताई म्हणाल्या होत्या, "आज पुन्हा चुकलं, तर दुकानाला कुलूप." आणि ताई बोलल्या की करतात. म्हणून मी मनातल्या मनात देवाचं नाव घेत चालले होते.

रजया भरायचं काम ताई तीस वर्षं करतायत. त्यांच्या दुकानात आधी गिऱ्हाइकाची उलटतपासणी होते. झोपेत पाय बाहेर काढता का? खिडकी उघडी असते का? कितीदा उठता? कुणी "सगळ्यात जाड द्या" म्हणालं की ताई विचारतात, "ऊब हवीय की ओझं?" मग एकेक रजई दोन तळव्यांत दाबून सांगतात, ही भर थंडीची, ही उतरत्या थंडीची. त्यांच्या हाताला कधी कुणी नाव ठेवलं नव्हतं.

या वेळी तो हात चुकला. टेकडीवरचे निवृत्त मास्तर मोठ्या आजारातून नुकते उठले होते. लेक जाड रजई मागत होती. ताईंनी तिला समजावून हलकी दिली, आणि नेमकी तीच भारी निघाली. मास्तरांना घाम फुटायचा, पण ती बाजूला सारायची ताकद अंगात नव्हती आणि लेकीला हाक मारायचा संकोच. घामानं भिजायचं आणि मग गारठायचं, असे चार दिवस गेले. पाचव्या दिवशी लेक रजई घेऊन दुकानात आली. भांडली नाही, नुसतं सांगितलं. ताईंचा चेहरा पडला. ती जायच्या आत त्यांनी टाके उसवायला घेतले होते.

मास्तरांचा पलंग खिडकीला लागून होता. ताईंनी रजई पांघरली, चारी कोपरे सोडवले आणि म्हणाल्या, "मास्तर, आता ढकला बघू. एकाच हातानं."

"आणि दुसरा?"

"दुसरा माझा कान धरायला मोकळा ठेवा."

मास्तरांनी हात हलवला. रजई गुडघ्यांपर्यंत सरकली. त्यांनीच ती परत गळ्यापर्यंत ओढली, आणि पुन्हा एकदा ढकलून पाहिली. लहान मुलासारखे खूश झाले. पण ताई उठल्या नाहीत. आमचा चहा झाला, कप विसळून झाले, तरी बसून होत्या. मग लेकीला म्हणाल्या, "मानेखाली हात घाल. ओलं लागतंय?"

"नाही, कोरडं आहे."

"पाय?"

"छान गरम आहेत."

"पास!" मास्तर म्हणाले. ताई खिडकीकडे तोंड फिरवून पदरानं चष्मा पुसत बसल्या.

उतरताना मी म्हटलं, "बघा ताई, उगाच घाबरलात. तुमचा हात शाबूत आहे."

"हातानं कुठे भरली गं? दोन रात्री स्वतः पांघरून झोपले. जड वाटली की उठायचं, मूठभर कापूस काढायचा, पुन्हा झोपायचं." त्यांनी बोटं माझ्यापुढे धरली. "टोकं बधीर झालीयत. वर्ष झालं. कापूस दाबतेय की कापड, कळतच नाही."

मी ती बोटं हातात धरली. वर्षभर आम्ही एका घरात जेवत होतो.

"प्रत्येक रजईखाली दोन रात्री झोपायचं म्हटलं, तर उन्हाळा उजाडेल," त्या हसून म्हणाल्या. थोडं चालून थांबल्या. "उद्यापासून दुपारची दुकानात येशील? प्रश्न मी विचारीन, दाबून तू बघ. शिकवीन मी. फक्त एक कर. मी हलकी म्हटलं आणि तुझ्या हाताला भारी लागली, तर गिऱ्हाइकासमोर तोंडावर सांग. थोरली नणंद म्हणून गप्प बसू नकोस."