गोळीचं टरफल

ताईने मला ते न्हाणीघराच्या दाराआडूनच सांगितलं. "अरे, गोळी जशीच्या तशी बाहेर पडतेय. डॉक्टरांना विचार ना, घेऊ की बंद करू?"

पार्ल्यातल्या आमच्या घरात पोटाचं बोलायचे, शौचाचं कुणी बोलत नसे. ताई माझ्याहून मोठी, लग्न न केलेली, शाळेत गणित शिकवणारी. तिच्या मोठ्या आतड्याला कायमची सूज होती. डॉक्टर अल्सरेटिव्ह कोलायटिस म्हणत. गोळ्या सुरू झाल्यापासून रक्त थांबलं होतं. तिला सुट्टी मिळायची नाही, म्हणून फाइल घेऊन अंधेरीच्या दवाखान्यात मीच जायचो. आमच्यात हे नेहमीचंच, आजार एकाचा आणि डॉक्टरांकडे दुसराच.

त्या दिवशी बाहेर बाकावर माझ्या ऑफिसातल्या एक बाई बसल्या होत्या आणि डॉक्टरांच्या खोलीचं दार सताड उघडं. मी एवढंच म्हणालो, "बरी आहे ती." डॉक्टरांनी त्याच गोळ्या पुन्हा लिहून दिल्या. घरी येऊन मी ताईला सांगितलं, "विचारलं. बरं वाटत असेल तर बंद केल्या तरी चालतील म्हणाले."

विचारलं नाही, हे सांगायची लाज वाटली. दुसरं काही कारण नव्हतं.

"सुटले बाई!" ताई म्हणाली. पुढे अधूनमधून रक्त पडायचं, ते तिने मूळव्याधीच्या खात्यात टाकलं. आतड्याची दुर्बिणीची तपासणीही राहिली. मी कधी आठवण केली नाही.

काही वर्षांनी आतड्याचा कॅन्सर निघाला. मुलुंडच्या नव्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, गोळ्या का सोडल्या? गोळी जशीच्या तशी पडायची, ते ताईने सांगितलं. "अहो, ते बहुतेक रिकामं टरफल असतं. औषध आत सुटलेलं असतं." त्या म्हणाल्या, "घेतल्या असत्या तर झालाच नसता, असं कुणी छातीठोक सांगणार नाही. पण सूज दबून राहिली की धोका कमी होत असावा."

रिक्षात ताईने विचारलं, "त्या डॉक्टरांना हे ठाऊक नव्हतं होय रे?"

"नसेल," मी म्हणालो. एका भल्या माणसाच्या माथी मारून मोकळा झालो.

ऑपरेशननंतर तिच्या पोटाला शौचाची पिशवी लागली. ती मीच रिकामी करायचो. ती गेली त्याच्या आदल्या महिन्यात, एका दुपारी, मी सगळं सांगून टाकलं.

तिने विचारलं, "ऑफिसातली बाई बसली होती म्हणून?"

"हो."

"गाढव आहेस." आवाज चढला नव्हता. "मी तरी डॉक्टरांना फोन करायचा. मलाही तोंड उघडवलं नाही ना."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. मी काहीतरी बोलायला गेलो, तर तिने हात वर केला.

"राहू दे आता. पिशवी भरलीय बघ."

मी हातमोजे चढवले.