मावशीनंतरचा प्याला

निजामाच्या अमलात बिशपसाहेब येडशी स्टेशनावरून बैलगाडीनं आमच्या गावी आले. मिशनऱ्यांनी उभारलेल्या आमच्या ख्रिस्ती मंडळीत त्या दिवशी दृढीकरणाचा, म्हणजे श्रद्धा पक्की करण्याचा, विधी होता. मग प्रभुभोजन, येशूच्या नावानं भाकर आणि द्राक्षारस. महारवाडा, मांगवाडा एकाच रांगेत, प्याला एकच. मी महारवाड्यातला; माझ्या आधी मांगवाड्यातली, मी मावशी म्हणायचो ती, गुडघे टेकून होती. आई बाळंतपणात गेली तेव्हा तिनंच मला अंगावर पाजलेलं. तरी तिच्या ओठांना लागलेला प्याला पुढं आला तेव्हा मी तोंड मिटून घेतलं आणि प्यायल्याचं नुसतं सोंग केलं.

बाहेर ती हळूच म्हणाली, "लेकरा, माझं दूध तर चाललं की रं तुला."

पुढं मरेपर्यंत ती सगळ्यांच्या शेवटी गुडघे टेकायची, तिच्यानंतर कुणाला प्यावं लागू नये म्हणून.