हाल्वार आणि बसवाल्याची कॉफी

"स्वतःच्या जागी यंत्र पाठवतोस? लाज नाही वाटत?"

हा आवाज हाल्वारचा. मी तेव्हा मासळीच्या शेडमध्ये कॉडची डोकी छाटत होते, आणि भिंतीच्या फळ्या इतक्या सैल की बाहेरचं बोलणं न ऐकायचं म्हटलं तरी कानात शिरायचं.

"अरे, बर्फ हटला ना? मग कुणी हटवला याच्याशी तुला काय करायचंय?" हा यार्ले. त्याच्या बापाकडे बुलडोझर होते, त्यामुळे त्याला लहानपणापासून सगळं सोपं वाटायचं.

"बर्फाबरोबर मैदानाची अर्धी खडी समुद्रात ढकलली तुझ्या यंत्रानं. पण ते जाऊ दे. सगळं सिलवोय फावडी घेऊन उभं होतं आणि तू घरात बसला होतास."

"घरात नव्हतो, बापाच्या कामावर होतो."

"मग तिथंच राहा. मैदानावर यायचं तर यंत्र पाठवू नकोस. स्वतः ये, फावडं घेऊन. नाहीतर येऊच नकोस."

यार्ले म्हणाला, "येईन. दर वेळी येईन. लक्षात ठेव."

आणि खरं सांगते, तो दर वेळी आला. ताप असला तरी आला, लग्नाच्या दुसऱ्या दिवशी आला, पुढे आमच्या फुटबॉल क्लबचा अध्यक्ष झाला तरी आला. शब्दाला पक्का माणूस. मला राग येतो तो याचाच.

आमच्या सिलवोय बेटावर दुगनाद म्हणजे काय ते कुणी कुणाला शिकवत नाही. शनिवारी सकाळी गावाचं काम आहे एवढं कळलं की प्रत्येक घरातून एक माणूस फावडं घेऊन निघतो. कशासाठी, किती वेळ, असं विचारत नाहीत. विचारणं वाईट दिसतं. आभारही मानत नाहीत, ते तर त्याहून वाईट. माझं फावडं म्हणजे माझा वॅफलचा तवा. शाळेत मी एक दिवसाआड जायची आणि तेही थोडीच वर्षं, पण पीठ किती पातळ हवं ते मला कुणी सांगायला नको. मैदानाच्या कोपऱ्यातल्या लाकडी खोपटात मी वॅफल भाजते, वर तपकिरी चीज ठेवते, आणि खिडकीतून सगळं बघते.

हाल्वार या सगळ्याचा मुकादम. त्याला कुणी नेमलं नव्हतं. तरुणपणी तो हिवाळी मासेमारीला जायचा, तिथं दोराच्या चरकात दोन बोटं गेली. खेळाडू म्हणून तो एकच मोसम गोलकीपर होता, आणि त्या मोसमाबद्दल गावात कुणी बोलत नसे, दया म्हणून. लग्न केलं नाही. माझ्या शेजारच्या पिवळ्या घरात राहायचा आणि माझ्या पडद्यांना नावं ठेवायचा.

त्याची एक सवय होती. सामना सुरू झाला की तो माझ्या खिडकीशी यायचा, थर्मास पुढे करायचा आणि म्हणायचा, "बसवाल्याचं दे."

बसवाला म्हणजे पाहुण्या संघाला घेऊन आलेला ड्रायव्हर. गोलकीपर म्हणून कुणी घेईना तेव्हा हाल्वार आमच्या पोरांची गाडी चालवायचा. एका परक्या गावी तो सबंध सामनाभर थंडीत गाडीत बसून राहिला होता. आत आमची पोरं जिंकली आणि बाहेर याला कुणी पाणी विचारलं नाही. तेव्हापासून सिलवोयला आलेल्या एकाही ड्रायव्हरला उपाशी परत जावं लागलं नाही. कॉफी, दोन वॅफल, वर ताट झाकायला दुसरं ताट. दोन्ही हात भरलेले, म्हणून बसचं दार तो कोपरानं वाजवायचा.

मग तो मोसम आला.

आमच्या पोरांना काय झालं होतं देवाला ठाऊक. लीगमध्ये दुसरे आले. चषकाच्या अंतिम सामन्याला सगळं गाव राजधानीत गेलं, कोंबड्यांना दाणे टाकायला एक पाद्री तेवढा मागे राहिला. स्नोर्रेनं, आमच्या बेकरीवाल्याच्या मुलानं, शेवटी शेवटी गोल केला आणि चषक बेटावर आला. फेरीबोटीच्या कप्तानानं बंदरात शिरताना भोंगा इतका वाजवला की माझी मांजर आठवडाभर कपाटावरून उतरली नाही.

आणि त्या चषकाच्या जोरावर पुढच्या वर्षी युरोपातले सामने! घरचे सगळे आमच्याच मैदानावर. ग्रीसचा संघ आला, नाकं लाल, हातमोजे घालून राष्ट्रगीताला उभं राहावं तसे गंभीर. पोर्तुगालचा संघ आला. दोघेही हरले. लोखंडी पायऱ्या भाड्यानं आणून बसायची सोय केली, ती बसवली दुगनादनंच. शरद ऋतू संपता संपता आम्ही बाद फेरीत गेलो आणि चिठ्ठीत निघालं इटलीचं बडं नाव. सामना फेब्रुवारीत.

हाल्वार त्या दिवशी माझ्या स्वयंपाकघरात आला, बूट न काढता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"इटली, माग्नहिल!"

"बूट."

"इटली येणार इथं. आणि त्यांची बस कोण चालवणार माहितीये? विमानतळावरची बस म्हणजे पलीकडच्या खाडीवरचा आपला आर्नफिन! एवढा मोठा संघ आणि कॉफी पिणार आर्नफिन!"

पोट धरून हसला. मग खुर्चीत बसला आणि जरा दम खाल्ला. हृदयाचं त्याचं आधीपासून होतं. डॉक्टरीणबाईंनी फावड्याला हात लावायचा नाही असं बजावलं होतं.

"तू काही बर्फ काढणार नाहीस," मी म्हटलं. "उभा राहा आणि हुकूम सोड. ते तुला जमतं."

"एवढा एकदाच काढतो. मग म्हातारा होतो."

दुसऱ्या दिवशी दुकानात यार्ले भेटला. मी तिथंच होते, यीस्ट घेत होते. हाल्वारनं त्याला सरळ विचारलं, "सामना इथंच ना?"

"दुसरीकडे कुठे?" यार्लेनं त्याचा हात हातात घेतला, उरलेल्या तीन बोटांसकट दाबला. "इथंच, हाल्वार. तू मैदान हिरवं करून दे, बाकी माझ्यावर सोड."

फेब्रुवारीत बर्फ पडला तो कुंपणाच्या वर. आता खडी जाऊन नकली गवत आलंय, आणि यंत्राचं पातं लागलं की ते गालिच्यासारखं उचकटतं. म्हणून सगळं हातानं. तीन शनिवार गाव राबलं. हिवाळाभराच्या अंधारानंतर सूर्य नुकताच डोंगराआडून डोकं काढायला लागला होता. शिक्षिका, नर्स, बोटीवरचे, पाद्री, सगळे. यार्लेही. हाल्वारच्या शेजारी उभं राहून त्यानं गोलसमोरची जागा मोकळी केली. हाल्वारला मी खिडकीतून ओरडून ओरडून थकले. तो नुसतं फावडं हलवायचा, 'ऐकू येत नाही' म्हणून.

तिसऱ्या शनिवारी दुपारी शेवटची कड साफ झाली. हिरवं चौकोनी मैदान, भोवती पांढऱ्या भिंती. कुणीतरी कोपऱ्यातले झेंडेसुद्धा लावले, हौस म्हणून. सगळे माझ्या खोपटाभोवती वॅफल खात उभे. मी रेडिओ लावला होता, हवामानासाठी.

रेडिओवरच्या बाईनं आधी क्रीडा बातम्या दिल्या. सिलवोयचा इटलीविरुद्धचा घरचा सामना दक्षिणेतल्या मोठ्या शहरातल्या, छप्पर असलेल्या स्टेडियमवर होईल. प्रेक्षक जास्त मावतील. क्लबनं हे नाताळच्या आधीच ठरवलं होतं, असं ती म्हणाली. मग हवामान सांगितलं. आमच्याकडे स्वच्छ राहणार होतं.

सगळे यार्लेकडे बघायला लागले. त्याच्या तोंडात वॅफल होता. माझा.

"सोमवारी सांगणार होतो," तो म्हणाला. "रेडिओवाल्यांनी आधीच फोडलं."

शिक्षिका म्हणाली, "मग हे तीन शनिवार कशाला?"

"सरावाला लागतंच ना मैदान. आणि… गाव इतकं उत्साहात होतं. तो उत्साह मोडायला मन होईना. हे बघा, मी एकटा नाही, सगळ्या समितीनं ठरवलं. क्लब मोठा व्हायचा तर—"

"नाताळच्या आधी," हाल्वार म्हणाला. आवाज अगदी खाली. "म्हणजे दुकानात हात दिलास त्याच्या मागेपुढेच."

यार्ले बर्फाकडे बघत राहिला.

"तुला माहीत होतं. आणि तरी माझ्या शेजारी उभा राहून तू बर्फ काढत होतास?"

यार्ले लाल झाला, आणि मग त्यानं जे उत्तर दिलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. "तूच म्हणाला होतास," तो म्हणाला, "स्वतः ये, फावडं घेऊन. आलो ना? एकदा तरी चुकलो का?"

हाल्वारनं आपलं फावडं माझ्या खोपटाच्या भिंतीला टेकवलं, नीट, पडू नये असं, आणि घरी गेला. मी तवा बंद केला. पीठ अर्धं उरलं होतं. कुणी मागितलं नाही.

अर्धं गाव फेरीबोटीनं आणि मग विमानानं दक्षिणेला गेलं. मी नाही गेले. हाल्वारच्या घरी रेडिओ लावून आम्ही दोघं बसलो. आमची पोरं जिंकली. स्नोर्रेनंच गोल केला. रेडिओतला माणूस ओरडत होता, सिलवोयच्या इतिहासातला सर्वांत मोठा दिवस म्हणून. खिडकीतून मैदान दिसत होतं, हिरवंगार, रिकामं, झेंडे तसेच उभे. पोरांनी काय वाईट केलं होतं? तरी मला त्या जिंकण्याचा राग आला. हाल्वारनं रेडिओ बंद केला आणि म्हणाला, "तुझे ते पडदे अजून तसेच आहेत."

मार्चमध्ये पुन्हा बर्फ पडला. लीगचा पहिला सामना जवळ आला होता. शनिवारी दुगनाद ठरलं, आणि हाल्वार गेला नाही. फावडी आली, पण निम्मीच. जी आली तीही कुठून सुरू करायचं म्हणून उभी राहिली. दुपारी यार्ले हाल्वारच्या दारात आला. मी तिथंच होते, मटणाचं सूप घेऊन गेले होते. यार्लेला आत बोलावलं नाही.

"हाल्वार, लोक विचारतायत. तू आल्याशिवाय होत नाही ते."

"यंत्र पाठव," हाल्वार म्हणाला.

यार्लेला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्यानं टोपी काढली आणि मग तशीच पुन्हा घातली. पायऱ्या उतरताना तो एकदम म्हातारा दिसला. मला त्याची दया आली नाही. येईल म्हणून वाट पाहतेय.

यंत्र आलं. गोलसमोरची गवताची कड उचकटली, तिला काळी पट्टी चिकटवली. सामना झाला.

मला वाटलं होतं, हाल्वार यायचा नाही. इतका खेळ त्याच्या दारासमोर चालला तरी तो मार्चभर पडदा ओढून बसला होता, आणि चालताना कुंपणाला धरून थांबायचा. पण शिटी वाजली, पाहुण्यांनी चेंडू मारला, आणि माझ्या खिडकीत थर्मास आला.

"बसवाल्याचं दे."

"क्लबशी बोलत नाहीस ना तू?"

"ड्रायव्हरनं काय केलंय?" तो म्हणाला. "चीज जाड ठेव. लांबून आलाय."

मी दोन वॅफल ठेवले, मग तिसरा ठेवला. त्याला तो दिसला. ताटावर ताट झाकलं. मागे कुणीतरी गोल केला बहुतेक, लोक ओरडले. हाल्वारनं वळून पाहिलं नाही. त्यानंतर आठवडाभरही तो जगला नाही, पण त्या दिवशी चालला ते नेहमीसारखाच, कॉफी हिंदकळणार नाही अशा बेतानं, पार्किंगमधल्या ओल्या बर्फातून. मध्ये एकदा थांबला. मग बसशी पोचला आणि दोन्ही हात भरलेले म्हणून दार कोपरानं वाजवलं.

दार उघडलं.