गाणं कमी केलं तेव्हा

ब्रेंडा डिमेलोकडे माझं पहिल्यांदा नीट लक्ष गेलं ते एका मिरवणुकीच्या दुपारी. आमच्या परळच्या गल्लीत टेम्पोवर माणसापेक्षा उंच स्पीकर रचले होते. समोरच्या घरात ही बाई कपाटाच्या काचेवर दोन्ही तळवे दाबून उभी होती. काच फुटेल म्हणून असावं, असं मला वाटलं. दुसऱ्या दिवशी विचारलं, तर म्हणाली, काचेचं काही नाही. ती खडखडली की आई उठते.

आई म्हणजे फ्लॅविया, वय शहाऐंशी. चव्वेचाळीस साली गोदीत स्फोट झाला तेव्हा ती सहा वर्षांची होती. तिचे वडील गोदीत कामाला होते, ते परतले नाहीत. आता तिला जेवल्याचंही आठवत नाही, पण पायाखालची जमीन हादरली की काठी घेऊन ती पप्पाला शोधायला निघते. एकदा भायखळ्याला सापडली.

ब्रेंडाने चौकीत तक्रार केली. हवालदार आवाज मोजायचं मीटर घेऊन आले. ते मीटर कानाच्या हिशेबाने मोजतं. लादीतून चढणारा जाड आवाज त्याच्या लेखी जवळजवळ नसतोच. आकडा मर्यादेत निघाला. हवालदारांनी स्वतःच्या छातीवर हात ठेवला. "मॅडम, दणके मलापण बसतायत. पण आकड्याला काय करू?"

मग मी राजसला बोलावलं. तो आमच्या गल्लीतल्या मंडळाचा कार्यवाह, माझा जुना विद्यार्थी, मनाने चांगला. त्याने शब्द दिला आणि पाळलाही. पुढच्या मिरवणुकीत डिमेलोंच्या घरासमोर गाणं अगदी बारीक केलं. जाड आवाजाचे खालचे मोठे खोके मात्र तसेच धडधडत राहिले.

ब्रेंडा धावत माझ्याकडे आली. आई जिन्यापर्यंत पोचली होती, तिला परत आत नेऊन बाहेरून कडी लावून ही आली होती.

"टीचर, त्यांना सांगा, गाणं मोठं करा. गाणं ऐकू आलं की ती म्हणते, कुणाचं तरी लग्न आहे. नुसते दणके आले की तिचा पप्पा गेला."

मी खाली जाऊन सांगितलं, तर राजस गोंधळला. "बाई, नक्की काय करू? कमी की जास्त?"

दणकेच बंद करता येतील का, असं मी विचारलं. त्याने मान खाली घातली. पोरं त्यावरच नाचतात, म्हणाला. आम्ही काढले तर पुढचं मंडळ दुप्पट लावेल.

ब्रेंडा हल्ली ऑफिसची वर्षभराची रजा साठवते आणि मिरवणुकांच्या दिवसांत घेते. दाराला आतून कुलूप लावून आईजवळ बसते.